चाखायचं नाही

थोरलीने चालता चालता धाकटीच्या सूपमध्ये मिठाची चिमूट सोडली. मान भलतीकडे, तोंडाने "शी बाई, हा पंखा आहे की विमान" असं चाललेलं, पाय आपल्या शेगडीकडे निघालेले, आणि मधल्या मध्ये हात आला, बोटं उघडली, हात गेला. धाकटीने ते समोरून पाहिलंच नाही, आरशात पाहिलं. शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलावर छतापासून एक लांबरुंद तिरका आरसा टांगला होता, बाईंच्या कढईत काय चाललंय ते मागच्यांनाही दिसावं म्हणून. त्यात बाईंची कढई दिसत होती, बाईंच्या डोक्यातला पांढरा भांग दिसत होता आणि पहिल्या रांगेतल्या शेगड्याही दिसत होत्या. धाकटी वर बघत होती ती बाई नारळाचं दूध कधी ओततात ते कळावं म्हणून, आणि दिसला काय तर जाऊबाईंचा हात. बांगड्या मागे सारलेला, मनगटावर तेलाच्या चटक्याचा जुना डाग असलेला. आधी तिला वाटलं, माशी हाकलली असेल. माणूस स्वतःच्या डोळ्यांपेक्षा नात्यावर जास्त विश्वास ठेवतं ना, तसं. पण माशी हाकलताना बोटं अशी एकमेकांवर चोळत नाहीत कुणी. वाटताना मिरची खलातून निसटू नये म्हणून प्रत्येकीच्या टेबलावर जाड्या मिठाची एकेक वाटी ठेवली होती, आणि बाईंनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत तीनतीनदा बजावलं होतं की मीठ खलात, पातेल्यात नाही, पातेल्यात खारटपणा येणार तो बाटलीतल्या फिश सॉसचा. थोरलीने ते सगळ्यांच्या आधी मान हलवून ऐकलं होतं.

आता ह्या दोघी इथे कशा आल्या ते आधी बघा, नाहीतर चिमूटभर मिठाचं एवढं काय असंच वाटेल. घरचा धंदा जेवणाचा. डबे, साखरपुडे, बारशी, ऑफिसांच्या पंगती. हिशोब आणि गिऱ्हाईक दादाकडे, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याकडे. टेम्पो आणि माणसं धाकटीच्या नवऱ्याकडे. स्वयंपाकघर सासूबाईंचं, आणि सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून थोरलीचं. धाकटी कांदा चिरायला, डबे भरायला, झाकणं लावायला. आता दादाने कॉलेजसमोरचा गाळा घेतला होता आणि त्याच्या डोक्यात थाई जेवण बसलं होतं, पोरं त्यावरच उड्या मारतात म्हणे. मग निघाली वरात थायलंडला. सहल ती सहल आणि शिकणं ते शिकणं, सासूबाईंसकट पाचही जणं. विमानातच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "दोघींनी वर्गाला बसा. दुपारी आम्ही येऊन खाऊ. जिचं चांगलं, तिच्या हातात गाळ्याचं स्वयंपाकघर. मग नंतर मला कुणी काही बोलायचं नाही." थोरली हसली होती. धाकटी खिडकीतून बाहेर बघत राहिली, आणि बाहेर नुसते ढग होते तरी तिला तिथे एक शेगडी दिसत होती. एकच, तिची. आजूबाजूला कुणी नाही, मागून कुणाचा श्वास नाही, "सरक जरा" नाही. इतकी वर्षं झाकणं लावून लावून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. दुसऱ्याने केलेल्या जेवणावर झाकण लावायचं काम म्हणजे काय असतं ते झाकणं लावणाऱ्यालाच कळतं.

तर तिला ते स्वयंपाकघर इतके दिवस का मिळालं नाही? कारण तिचा हात खारट. हे घरात कुणी भांडून म्हणत नसे, पंखा हळू फिरतो म्हणावं तसं म्हणत. "आज धाकटीने केलंय का? मग पाण्याचा तांब्या जवळ ठेव." दादाचा हा विनोद. तिचा स्वतःचा नवराही हसायचा, मग रात्री म्हणायचा, "जाऊ दे गं." जाऊ दे, जाऊ दे. देवाने दिलीच होती की जाऊ, आणखी कुठे मागायची! आणि हात खारट हे तिला स्वतःलाही पटलं होतं, हे सगळ्यात वाईट. ती मीठ कमी घालायची. मग आणखी कमी. मग नखाच्या टोकावर घेऊन घालायची, तरी ताटावर सासूबाईंचा चेहरा गोळा व्हायचा. एकदा तर तिला वाटलं आपल्या घामातच काही आहे, बोटांतूनच उतरतंय. तिने हात धुवून धुवून पांढरे केले, आणि त्या दिवशीचा रस्सा कुत्र्यालाही घालता आला नाही.

चाखून का नाही बघितलं, असं कुणीही विचारेल. पण त्यांच्यात चाखत नाहीत. करताना चाखलं की जेवण उष्टं झालं, सासूबाईंच्या सासूपासून हेच. शिवाय सासूबाई म्हणायच्या, चाखून करणारा तो आचारी कसला, मीठ नाकाने कळलं पाहिजे. सासूबाईंना कळायचं. थोरलीला कळायचं, निदान ती पातेल्यावर वाकून, डोळे मिटून, नाकपुड्या फुलवून असं काही करायची की कळत असणारच. धाकटी वाकली की तिला नुसती वाफ लागायची. डोळ्यांत पाणी यायचं आणि वाटायचं, आपल्याला नाकच दिलं नाही देवाने.

आणि इथे ह्या बाई! पहिलं काम काय केलं तर प्रत्येकीच्या हातात एकेक चमचा दिला. चाखा. हे घातलं, चाखा. ते घातलं, परत चाखा. आंबट किती, गोड किती, खारट किती, जिभेला विचारा, मला विचारू नका. थोरलीने चमचा टेबलावर ठेवून दिला तो दिलाच. "आपल्याला नाही गं ह्यांच्यासारखं उष्टंमाष्टं," ती मराठीत म्हणाली, बाईंकडे बघून गोड हसत. धाकटीनेही ठेवला होता. पण बाई सरळ आल्या, तिचा चमचा उचलला, सूपमध्ये बुडवला आणि तिच्या तोंडासमोर धरला, लहान मुलाला औषध द्यावं तसा. सगळे बघायला लागले. धाकटीने तोंड उघडलं. गरम, आंबट, गवती चहाच्या देठाचा वास, आल्यासारख्या दिसणाऱ्या पण आलं नसलेल्या त्या कंदाचा तिखटसर कडवटपणा, आणि सगळ्याच्या खाली, बरोब्बर, मीठ. ना कमी ना जास्त. ती चमचा तोंडात धरून उभीच राहिली. हे मी केलंय? बाईंनी अंगठा वर केला आणि पुढे गेल्या.

ते चिमटीच्या आधी. चिमटीनंतर तिने परत चमचा बुडवला. आता तिला परवानगी होती ना. आणि जिभेवर जे आलं ते ओळखीचं होतं. नुसतं खारट नाही, ओळखीचं. तो तिचा हात होता. घरच्या ताटातला, तांब्या जवळ ठेवायला लावणारा, नणंदेच्या साखरपुड्याला अख्खं पातेलं मोरीत ओतायला लावणारा तो तिचा प्रसिद्ध हात, जसाच्या तसा, इतक्या लांब, परक्या स्वयंपाकघरात, परक्या पातेल्यात. माणसाला आपला फोटो दाखवावा आणि त्यात भलत्याच कुणाचा चेहरा असावा, तसं तिला झालं. पंखा गरगरत होता. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. तिने सूप शांतपणे मोरीत ओतलं. "काय गं, फेकलंस?" थोरली म्हणाली. "बिघडलं," धाकटी म्हणाली. "असू दे, शिकशील," थोरली म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात.

मग करीचं वाटण. दगडी खल, दगडी बत्ता, सुक्या लाल मिरच्या भिजवलेल्या, लसूण, लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं. मुळं! घरी ती केरात जातात. सगळे एकदम कुटायला लागले आणि खोलीभर धाड धाड धाड सुरू झालं. धाकटीला वाटलं, बरं झालं, आता डोक्यात काय चाललंय ते कुणाला ऐकू जाणार नाही. ती कुटत होती आणि एकेक पंगत आठवत होती. साखरपुड्याच्या दिवशी थोरली म्हणाली होती, तू जा साडी बदल, मी बघते गॅस. बघते! बारशाला म्हणाली होती, दमलीस, बस जरा. दिवाळीला धाकटीचे आईवडील जेवायला आले होते आणि वडील काही न बोलता पाणी पीत राहिले होते, पेल्यामागून पेला, आणि निघताना आई जिन्यात कानात म्हणाली होती, "अगं बाई, माझं नाक कापलंस." प्रत्येक वेळी थोरली प्रेमळ होती. हेच तर! खारट ताटाच्या आधी नेहमी थोरलीचा एक प्रेमळ शब्द होता, आणि धाकटी तो शब्द जपून ठेवायची, की निदान एक तरी माणूस आहे ह्या घरात. एवढ्या सगळ्यांत तिला सर्वांत जास्त घाण कशाची वाटली तर ह्याची. की ती थोरलीजवळ रडली होती. थोरलीच्याच खांद्यावर, थोरलीच्याच मिठासाठी.

"एवढी काय कुटतेस, खल फोडशील," थोरली म्हणाली.

"ताई, मिठाची वाटी द्या ना तुमची. माझी संपली."

"संपली? एवढं मीठ लागतं होय तुला?" थोरली हसली. "खलातच घालतेस ना?"

"खलातच. तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही कशात घालता?"

थोरलीचा बत्ता थांबला नाही, पण एक ठोका चुकला. म्हणजे धाकटीला तसं वाटलं. त्या गदारोळात कुणाचा कुठला ठोका ते देवालाच माहीत. "घे," थोरली म्हणाली आणि वाटी सरकवली. धाकटीने ती घेतली आणि तशीच बाजूला ठेवली, तिची संपलीच नव्हती. एक कणसुद्धा घातला नाही. हे तिने ठरवून केलं नव्हतं. हातच पुढे जाईना. मग मनाने हाताला विचारलं, का रे बाबा, आणि उत्तर आलं तेव्हा ती स्वतःच दचकली. खलात मीठ नाही. पातेल्यातही फिश सॉस नाही. थेंबही नाही. आमटीसारखी पातळ ती करी ठार अळणी करायची आणि पाठ फिरवायची. थोरली आली, हात सुटला, तर मीठ पडेल. दोनदा पडण्याऐवजी एकदा. बस. आणि नाही आली तर?

नाही आली तर सासूबाई एक घास घेतील आणि ताट सरकवतील, आणि गाळा गेला. खारट म्हणून हरणं तिला पाठ होतं, अळणी म्हणून हरणं नवीन होतं. पण त्याहून वाईट म्हणजे मग तिचं सगळं म्हणणंच अळणी. मग आरशात दिसलं ते काय होतं? माशी? मग साखरपुडा, बारसं, दिवाळी, सगळं परत तिच्याच बोटांवर. आता गंमत बघा, ह्या बाईला मनापासून हवं होतं की आपल्या जावेने आपल्या जेवणात मीठ कालवावं. ती आयुष्यात पहिल्यांदा थोरलीच्या दुष्टपणासाठी नवस बोलत होती.

नारळाचं दूध ओतलं, वाटण परतलं, पानं टाकली, भाज्या टाकल्या. बाई येऊन वास घेऊन गेल्या, "चाखलं?" असं खुणेने विचारलं. धाकटीने मान डोलावली. खोटं. चमचा कोरडा होता. मग ती हात धुवायला गेली. मोरी खोलीच्या पार मागे, तिथे आरसा नाही, काही नाही, नुसता नळ आणि भिंतीवर साबणाचे ओघळ. तिने साबण लावला. मागे थोरलीच्या चपलांचा आवाज आला का? आला. नाही आला. पंख्यामुळे काही कळेना. तिने मागे बघायचं नाही असं ठरवलं आणि मान इतकी ताठ धरली की कानामागे दुखायला लागलं. आपण एखाद्यासाठी दार उघडं ठेवून बाहेर गेलो, आणि चोर आलाच नाही, तर वाईट वाटायचं की बरं? तिने साबण धुतला. परत लावला. परत धुतला.

सासूबाई आल्या त्या काठी टेकत आणि कुरकुरत. जिना किती, ऊन किती, बुटांचं दुकान होतं खाली ते बघू दिलं नाही मेल्यांनी. मागून दादा, मागून धाकटीचा नवरा. लांब टेबलावर सगळे बसले. लिंबाच्या फोडींची वाटी, वाफाळता भात, आणि दोन पातेली समोरासमोर. थोरलीने स्वतःचं वाढलं. सासूबाईंनी खाल्लं, "हं," म्हणाल्या. तो चांगला "हं" होता. दादा म्हणाला, "पास!" मग धाकटीने वाढलं.

"तांब्या कुठाय?" दादा म्हणाला. धाकटीचा नवरा हसला, आणि बायकोकडे बघून हसू आवरलं.

सासूबाईंनी घास घेतला. चघळला. थांबल्या. परत घेतला. दुसरा घास त्यांनी मोठा घेतला, आणि मग डावा हात कपाळाला लावून बसल्या, जणू कुणाचंतरी खूप जुनं नाव आठवत होत्या. "थोरले," त्या म्हणाल्या, "हिचं बरोबर झालंय गं."

"दाखवा," दादाने ताट पुढे केलं. खाल्लं. "आयला. तुझ्यापेक्षा बरं आहे की गं," हे बायकोला. धाकटीचा नवरा तर भराभर खायला लागला.

"पाणी बदललं, हात बदलला," थोरली गोड आवाजात म्हणाली. "मला तर आनंदच आहे बाई."

इथे धाकटीने गप्प बसायला हवं होतं. गाळा तिचा झालाच होता, घास घशाखाली गेला की संपलं. पण तिला त्या ताटात स्वतःचं काही दिसेना. चव होती ती थोरलीच्या बोटांची होती. आणि उद्या कॉलेजसमोर पोरं जेवतील तेव्हाही तिला वाटत राहणार की मागून कुणीतरी येऊन गेलंय.

"आई," ती म्हणाली, "मी ह्यात मीठ घातलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे घातलं नाही. खलात नाही, पातेल्यात नाही. करीसाठी दिलेली सॉसची नवी बाटली बघा, सीलसुद्धा फोडलेलं नाही."

दादाने बाटली खरंच बघितली. सासूबाई सावकाश वळल्या आणि थोरलीकडे बघितलं. थोरलीचा चेहरा एक क्षणभर उघडा पडला, न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तसा. धाकटीला तिथे राग दिसेल असं वाटलं होतं. दिसली भीती, रोजची, जुनी, झोपून उठून परत कामाला लागणारी. मग दार लागलं.

"मीच घातलं," थोरली म्हणाली. "वासावरूनच कळलं अळणी आहे ते. म्हटलं, पोरीची फजिती नको. चुकलं का माझं? आई, मी नसते तर तुम्ही हे तोंडात धरलं असतं?"

बघा बरं! एका वाक्यात सगळी बाजी फिरली. आणि खरंच कळलं असेल का तिला वासावरून? असेलही. धाकटीला ते कधीच कळणार नव्हतं. सासूबाईंचे खांदे सैल झाले, दादा हसला. "झालं तर मग," सासूबाई म्हणाल्या, "दोघी मिळून बघा गाळा. एकीने करायचं, एकीने मीठ घालायचं. भांडण नाही, तंटा नाही."

"जाऊ दे, चांगलंच झालं," नवरा म्हणाला.

"नाही," धाकटी म्हणाली. "मी एकटी बघणार. आणि मी चाखून करणार."

"आपल्यात चाखत नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच."

धाकटीने चमचा घेतला, सरळ पातेल्यात बुडवला, तोंडात घातला, आणि तोच चमचा, तिच्या थुंकीसकट, परत पातेल्यात घातला. थोरलीच्या तोंडून "शी" निघालं. सासूबाईंनी ताट इतकं दूर सारलं की भाताची शितं टेबलभर उडाली. "गाळा तुला दिला तर आम्ही तुझं उष्टं खायचं?"

"तुम्ही नका खाऊ. गिऱ्हाईक खाईल."

"माजलीस," सासूबाई म्हणाल्या. "आमचं खाऊन आम्हालाच."

"आई, थांब जरा," दादा म्हणाला. तो पातेल्याकडे बघत होता, बायकोकडे नाही. बायकोकडे बघायचं त्याने मुद्दाम टाळलं हे सगळ्यांना दिसलं, आणि थोरलीला सगळ्यांत आधी. "गिऱ्हाईकाला काय, रोज सारखी चव पाहिजे. साखरपुड्याचं पातेलं ओतलं त्याचे पैसे मी भरलेत." त्याने बोटाने मिशी पुसली. "गाळा धाकटी बघेल. तू घरचं बघ," हे बायकोला, तिच्याकडे न बघताच.

थोरलीने आपल्या ताटातला भात एका बाजूला ओढला, परत दुसऱ्या बाजूला ओढला. सासूबाई काठी शोधत होत्या, काठी खुर्चीलाच टेकलेली होती. धाकटीचा नवरा अर्धवट उठला आणि आपण कुठे जायला उठलो ते न कळून परत बसला. ते अख्खं पातेलं आता धाकटीचंच होतं, दुसरं कुणी त्याला हात लावणार नव्हतं. तिने ते जवळ ओढलं आणि खायला लागली. भूक नव्हती. तरी खाल्लं. तिसऱ्या घासाला तिला नीट कळलं की मीठ आहे तेवढं ठीक आहे, पण आंबट कमी पडतंय, आणि हे कळलं तेव्हा तिला आत कुठेतरी गार वाटलं, की हे आपल्याला कळलं, आपल्याच जिभेला.

लिंबाच्या फोडी थोरलीच्या कोपराशी होत्या. धाकटीने हात पुढे केला. थोरलीने वाटीकडे बघितलं, हाताकडे बघितलं, आणि कोपर हलवलं नाही.

धाकटी उठली. खुर्ची मागे खरवडली, टेबलाला वळसा घातला, मान वाकवून थोरलीच्या अगदी खांद्याशी गेली, इतकी जवळ की तिच्या मानेवरचा घाम दिसला. वाटी उचलली आणि परत येऊन बसली.